कमी तेलातला खिमा पाव: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

कुलाब्याचं ऑलिंपिया कॉफी हाउस १९१८ सालचं, फोर्टातलं कॅफे मिलिटरी १९३३चं आणि पुण्यात डेक्कनवरचं गुडलक १९३५चं. खिमा पाव आपल्या जिभेवर बसवला तो अशा इराणी हॉटेलांनी. तिथे समोर येणाऱ्या प्लेटीत खिम्याभोवती तांबूस तर्रीचं तळं असतं, शेजारी मस्का लावलेला पाव असतो, आणि ते तसंच असावं. हॉटेलातला खिमा हॉटेलात जाऊन, अधूनमधून, मन लावून खावा. पण हाच पदार्थ घरी दर आठवड्याला करायचा असेल, घरात कुणाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल किंवा रात्रीच्या जेवणाला पोट जड होऊ नये असं वाटत असेल, तर तो वेगळ्या पद्धतीने शिजवावा लागतो. ती पद्धत अवघड नाही. फक्त चरबी पदार्थात कुठून शिरते हे माहीत हवं.

पहिला गैरसमज मटणाबद्दलचा. ‘मटण जड’ असं आपण सरसकट म्हणतो, पण बोकडाच्या मांडीचं, वरची चरबी काढलेलं १०० ग्रॅम कच्चं मटण घेतलं तर त्यात साधारण २० ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम २-३ ग्रॅम चरबी असते. चिकनच्या छातीच्या मांसातही चरबी जवळपास तेवढीच. म्हणजे बोकडाचं मटण मुळात हलकंच आहे. ते जड करतो आपण, चार ठिकाणी: खाटकाकडे खिम्यात चरबी मिसळली जाते तेव्हा, कढईत पळीने तेल ओततो तेव्हा, वाटणात सुकं खोबरं घालतो तेव्हा आणि शेवटी तव्यावर पाव लोण्यात भिजवतो तेव्हा.

जरा हिशेब बघा. एका मोठ्या चमच्यात (१५ मिली) मावणाऱ्या तेलातून साधारण १२० कॅलरी मिळतात. अर्धा किलो खिम्याला सहा चमचे तेल घालणारी घरं पुष्कळ आहेत. चार जणांत वाटलं तरी प्रत्येकाच्या ताटात नुसत्या तेलाच्या १८० कॅलरी आल्या. पाव भाजताना दोन पावांना मिळून एक मोठा चमचा लोणी गेलं की आणखी शंभर. इतकं होईपर्यंत मटणाचा हिशेब सुरूसुद्धा झालेला नसतो. खालच्या पद्धतीत चार जणांच्या खिम्याला मिळून एकच मोठा चमचा तेल लागतं. चव त्याने कमी होत नाही, कारण चव आणण्याचं काम इथे तेलाऐवजी आच करते. कशी, ते पुढे सांगते.

खिमा आणताना

दुकानात थाळीत तयार ठेवलेला खिमा घेऊ नका. तो कुठल्या भागाचा, किती वेळापूर्वीचा आणि त्यात चरबी किती, हे बघून कळत नाही. मांडीचा, म्हणजे रानेचा तुकडा समोर निवडा, वरची पांढरी चरबी आणि पातळ पापुद्रे काढायला सांगा, तुकडा धुऊन कोरडा करून घ्या आणि मग तुमच्यासमोर खिमा करायला सांगा. रविवारी सकाळी दुकानात रांग असते, मटणवाल्याला मान वर करायला फुरसत नसते. त्या गर्दीत ‘चरबी काढा, आधी धुवा’ म्हटलं तर अर्धं ऐकलं जातं. शनिवारी संध्याकाळी किंवा मधल्या वारी गेलात तर काम नीट होतं.

मशीनचा खिमा की सत्तुराने केलेला? सत्तुराचा मिळत असेल तर तोच घ्या. ओंडक्यावर सत्तुराने बारीक केलेल्या खिम्यात छोटे-छोटे दाणे राहतात, ते कढईत सुटे होतात आणि दाताखाली येतात. मशीनमधून दोनदा काढलेला खिमा चिकट होतो, त्याचे गोळे बनतात, आणि ते फोडायला नवखा माणूस पुन्हा तेल ओततो. मशीनचाच घ्यायचा असेल तर जाड जाळीतून, एकदाच काढायला सांगा. आधीच्या गिऱ्हाइकाचा थोडा खिमा मशीनमध्ये अडकलेला असतो, तोही पुढे ढकलून काढायला सांगायला संकोच करू नका.

तुकडा आधी धुवायचा, कारण खिमा धुतला की तो पाणी धरून बसतो. चाळणीत तासभर ठेवला तरी ते पुरतं निघत नाही. ओला खिमा कढईत गेला की भाजला जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडतो. रंग राखाडी येतो, चव सपक येते, आणि मग ती भरून काढायला मसाला आणि तेल वाढवलं जातं. तुमच्या घरी खिमा धुतल्याशिवाय चालतच नसेल तर बारीक चाळणीत, पाण्याची हलकी धार सोडून, आजूबाजूला शिंतोडे उडू न देता धुवा, मुठीने दाबून पिळा आणि नंतर सिंक स्वच्छ घासा.

अखंड तुकड्यावर जंतू बहुतेक बाहेरच्या पृष्ठभागावर असतात, पण खिमा केला की बाहेरचं सगळं आत मिसळतं. म्हणून खिमा कधीही अर्धाकच्चा ठेवायचा नाही. आणल्यावर लगेच फ्रीजमध्ये जायला हवा, आणि एक-दोन दिवसांत शिजवायला हवा. पुढच्या आठवड्यासाठी ठेवायचा असेल तर पिशवीत पातळ थापून फ्रीझरमध्ये टाका. पातळ थापलेला खिमा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभरात सुटतो. ओट्यावर ठेवून सोडवू नका.

काय काय लागेल

चार जणांच्या अंदाजाने सांगते. बोकडाच्या मांडीचा खिमा ४०० ग्रॅम. अख्खा मसूर पाव वाटी, म्हणजे साधारण ५० ग्रॅम. मटाराचे दाणे अर्धी वाटी. मध्यम कांदे तीन, त्यातले दोन अगदी बारीक चिरून आणि एक वरून घालायला पातळ उभा चिरून. टोमॅटो दोन. तेल एक मोठा चमचा, मोजून. मीठ एक सपाट छोटा चमचा. हळद अर्धा चमचा, लाल तिखट एक चमचा, धने पूड दोन चमचे, जिरे पूड एक चमचा, गरम मसाला अर्धा चमचा. अख्ख्या मसाल्यात तमालपत्र दोन, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, तीन लवंगा, सात-आठ काळे मिरे आणि एक मसाला वेलची. लिंबू एक. पाव आठ.

हिरवं वाटण मात्र सढळ हाताने करा: दोन पेरं आलं, दहा-बारा लसूण पाकळ्या, तीन-चार हिरव्या मिरच्या, मूठभर पुदिना आणि कोथिंबिरीची देठं. पानं शेवटासाठी राखून ठेवा. देठांना पानांपेक्षा जास्त चव असते आणि ती शिजवल्यावरही टिकते. जाडसर वाटा, गंध करू नका.

या यादीत खोबरं मुद्दाम नाही. सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेलच असतं, त्यामुळे अर्धी वाटी खोबरं वाटणात घातलं की कढईत वाचवलेल्या तेलातलं बरंचसं त्या वाटेने परत येतं. कांदा-खोबऱ्याचं काळं वाटण भाकरीसोबतच्या रश्श्यात शोभतं, ते तिथेच घालावं. पावात भरायच्या खिम्याला पुदिना, मिरी आणि लिंबाची चव जास्त खुलते.

मसूर कशाला, असं विचाराल. खिम्यात मटार, बटाटा, मेथी घालायची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे, आणि डाळ-मटणाची जोडी तर त्याहून मुरलेली. मसुराचा दाणा शिजल्यावर खिम्याच्या दाण्याएवढाच दिसतो, रंगही जुळतो, आणि खाणाऱ्याला वेगळा लागत नाही. मटणात नसलेला चोथा त्यातून मिळतो, म्हणून चार घास कमी खाऊनही पोट भरतं. शिवाय डाळीतलं लोह एरवी अंगी कमी लागतं. मटणासोबत आणि लिंबू पिळून खाल्लं की ते जास्त शोषलं जातं. बटाटा घालायला हरकत नाही, पण पाव आधीच पिठाचा आहे, त्यात आणखी पिष्ट कशाला? सोयाचे तयार दाणे (सोया ग्रॅन्युल्स) घालून खिमा ‘वाढवायचा’ सल्ला पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो. मला तो पटत नाही. सोया मसाला पिऊन घेतो, खिमा फिका पडतो, आणि मग दोन्हींची चव धड राहत नाही. मसूर नको असेल तर शंभरेक ग्रॅम मशरूम बारीक चिरून, कोरड्या तव्यावर त्यांचं पाणी पुरतं आटवून घाला, चव दाट होते.

मसूर दोन-तीन तास भिजवून वेगळा शिजवा. दाणा बोटांनी दाबला तर दबावा पण फुटू नये. कुकरला घातला तर एक शिट्टी पुरते. खिम्यासोबत सुरुवातीपासून घातला तर त्याचं पिठलं होतं.

कढईतलं काम

इथे घाई चालत नाही. सगळा पदार्थ पहिल्या दहा मिनिटांवर उभा आहे.

जाड बुडाची, पसरट कढई घ्या. लोखंडी असेल तर उत्तम. ती रिकामीच मोठ्या आचेवर चांगली तापवा, चमचाभरातलं अगदी थोडं तेल, छोटा अर्धा चमचा, टाकून कापडाने किंवा ब्रशने पसरवा, आणि निम्मा खिमा घालून पातळ पसरा. सगळा एकदम घातला तर कढईची धग खाली येते आणि पाणी सुटतं. पसरल्यावर उलथनं बाजूला ठेवून द्या. दोन मिनिटं हात लावायचा नाही.

आता कान द्या. सुरुवातीला जोराचा चर्रर्र आवाज येईल, मग मटणाचं पाणी सुटेल आणि आवाज मंद, खदखदता होईल. खिमा राखाडी दिसेल. बहुतेक जण इथेच पुढचा मसाला टाकतात. थांबा. पाणी आटत जाईल तसा आवाज पुन्हा बदलेल, आधी फुसफुस आणि मग बारीक, कोरडा तडतडाट. तो ऐकू आला की खिमा खऱ्या अर्थाने भाजायला लागला. पाणी असेतोवर कढईतलं तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही, आणि मांसाला तो तपकिरी रंग आणि खमंगपणा यायला साधारण १४० अंशांची धग लागते. म्हणून पाणी संपल्यानंतरची तीन-चार मिनिटं सगळ्यात मोलाची. आता उलथन्याने खालून खरवडून उलटा, पुन्हा पसरा, पुन्हा थांबा. दाण्यांच्या कडा तपकिरी झाल्या, वास भाजल्या मांसाचा यायला लागला की ताटलीत काढा आणि उरलेला निम्मा खिमा तसाच भाजा. मीठ अजून घालायचं नाही, कारण कच्च्या खिम्यात मीठ घातलं की तो चिकटून येतो आणि पाणीही लवकर सोडतो.

कढईच्या तळाला एक तपकिरी थर धरलेला दिसेल. तो जळका नाही, घासून टाकू नका. चवीचा मोठा वाटा त्यात आहे. आच मध्यम करून उरलेलं तेल घाला, अख्खे मसाले टाका, ते फुलले की बारीक कांदा आणि चिमूटभर मीठ. कांद्याला पाणी सुटेल तसा तो थर उलथन्याने खरवडत कांद्यात मिसळून घ्या.

कमी तेलात कांदा परतताना तो कोरडा पडतो, कडेने करपायला लागतो. त्या वेळी तेलाच्या बुधलीकडे हात जातो. त्याऐवजी पाण्याचा हबका मारा, दोन चमचे, जास्त नाही. पाणी आटलं, कांदा पुन्हा चिकटू लागला की पुन्हा हबका. असं चार-पाच वेळा करत गेलं की पंधरा मिनिटांत कांदा गडद, मऊ आणि गोडसर होतो, आणि एक थेंबही तेल वाढत नाही. वेळ तळण्यापेक्षा थोडा जास्त जातो, तो जाऊ द्या.

मग हिरवं वाटण घालून दोन-तीन मिनिटं परता. हळद, तिखट, धने-जिरे पूड वाटीत थोड्या पाण्यात कालवून घाला, म्हणजे कमी तेलात मसाला जळून कडू होत नाही. वर चिरलेला टोमॅटो आणि उरलेलं मीठ.

पाककृतीत पुढची ओळ हमखास असते: ‘मसाल्याला तेल सुटेपर्यंत परता.’ इथे ती विसरा. घातलेलंच नाही ते सुटणार कुठून? कमी तेलातला मसाला शिजला हे ओळखायच्या खुणा वेगळ्या आहेत. आल्या-लसणाचा उग्र कच्चा वास जातो. टोमॅटोची साल सुटून वळते. मसाला सैल न राहता एकत्र येतो, आणि उलथनं कढईच्या तळावरून ओढलं तर मागे स्वच्छ रेघ राहते, जी लगेच भरून येत नाही. एवढं झालं की मसाला तयार. तरीही धीर होत नसेल तर किंचित चाखा; धने पूड दाताखाली कच्ची, पिठूळ लागत नसली म्हणजे झालं.

भाजलेला खिमा ताटलीतल्या रसासकट परत कढईत घाला, मसाल्यात नीट घोळवा, एक वाटी गरम पाणी ओता. गारच पाणी ओतलं तर शिजणं मध्येच थांबतं. झाकण ठेवून मंद आचेवर पंचवीस ते तीस मिनिटं शिजू द्या, मध्ये दोनदा हलवा. घाई असेल तर कुकरला तीन शिट्ट्या. पण कुकरमध्ये पाणी अर्धी वाटीच घाला, नंतर आटवत बसावं लागत नाही. दाणा दोन बोटांत दाबला तर सहज तुटायला हवा. ज्यांच्याकडे स्वयंपाकाचा थर्मामीटर आहे त्यांच्यासाठी, मटणाचा खिमा आतून ७१ अंश आणि कोंबडीचा ७४ अंश सेल्सिअसला पोचायला हवा. इतका वेळ रटरटल्यावर तो त्याच्या पुढे गेलेलाच असतो.

शेवटच्या आठ-दहा मिनिटांत मटार आणि शिजवलेला मसूर. मग झाकण काढा, आच मोठी करा आणि पाणी आटवा. ताटात वाढायचा खिमा थोडा ओलसर चालतो, पावात भरायचा मात्र कोरडाच हवा. पाव हा स्पंज आहे, जे पातळ दिसेल ते पिऊन घेतो. तर्री असेल तर तर्री, पाणी असेल तर पाणी, आणि मग हातात लगदा उरतो. उलथन्याने खिमा एका बाजूला सारून कढई किंचित कलती करा. मोकळ्या जागेत पाणी ओघळत नसेल तर गॅस बंद. त्या कलत्या बाजूला तुपकट तवंग जमलेला दिसला, तर तो मटणातून सुटलेल्या चरबीचा आहे. चमच्याने काढून टाका.

गॅस बंद केल्यावरच गरम मसाला, चिरलेली कोथिंबीर, पुदिन्याची थोडी पानं आणि अर्ध्या लिंबाचा रस. झाकून दहा मिनिटं मुरू द्या. मीठ आता चाखा, आधी नाही. लिंबू पडल्यावर बहुतेक वेळा आणखी मीठ लागत नाही, आणि पावातही मीठ असतंच. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एवढ्याशा चमच्यात ते संपतं.

चिकनचा खिमा असेल तर

पद्धत हीच, पण वेळा वेगळ्या. खिमा कातडीशिवायच्या मांसाचा करून घ्या. कातडीसकट केला तर हलकेपणाचा हेतूच गेला. नुसत्या छातीच्या मांसाचा खिमा शिजल्यावर कोरडा आणि चरबरीत लागतो, म्हणून निम्मं छातीचं, निम्मं मांडीचं मांस सांगा. तो कढईत पडताच गोळे धरतो. त्यासाठी आधी दोन मोठे चमचे घुसळलेलं दही त्यात हलक्या हाताने मिसळा आणि कढईत घातल्यावर पावभाजीच्या मॅशरने दाबत सुटा करा. दह्यामुळे तो मटणासारखा तपकिरी होणार नाही. नुसतं पाणी आटवून घ्या, पुढचं काम मसाला करतो. मसाल्यात घातल्यावर दहा-बारा मिनिटं पुरेत. अर्धा तास शिजवलात तर त्याचा भुसा होईल.

पाव

लादीतला एक पाव साधारण चाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो, त्यातून शंभर-सव्वाशे कॅलरी मिळतात. त्याच्या दोन्ही फाकांना मोठा चमचाभर लोणी चोपडलं की आकडा जवळपास दुप्पट होतो. म्हणून माझ्या मते पाव बदलण्याआधी पाव भाजण्याची पद्धत बदलावी. तवा कोरडा, कडकडीत तापवा. पाव मधून कापा, एक बाजू जुळलेली ठेवा, आतल्या बाजू तव्यावर टेकवून हलकेच दाबा. अर्ध्या-पाऊण मिनिटात आतला भाग सोनेरी, कुरकुरीत होतो. हाच कुरकुरीत थर खिम्याचा ओलावा थोपवून धरतो. लोण्याचा वास हवाच असेल तर तव्यावरून काढल्यावर लोण्याची वडी गरम पावावरून नुसती फिरवा. चार पावांना अर्धा छोटा चमचा लोणी पुरतं, आणि ते वरच राहत असल्याने जिभेला पहिलं तेच लागतं.

गव्हाचा पाव म्हणून मिळणारे तपकिरी पाव नीट वाचून घ्या. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिलं नाव मैद्याचं असेल तर तो मैद्याचाच पाव, रंग काही का असेना.

गोव्यात राहत असाल किंवा तिकडून कुणी येणार असेल, तर पोय मागवा. भोंपू वाजवत सायकलवरून दारी येणाऱ्या पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, गव्हाच्या कोंड्यात घोळलेली, आतून पोकळ पोय या खिम्यासाठीच केल्यासारखी आहे. कडेला चीर द्या, आतली पोकळी खिशासारखी उघडते, खिमा सांडत नाही, आणि चावून खावी लागत असल्यामुळे एका पोयीत समाधान होतं. गोव्याचाच चोरिस पाव, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज भरलेला पाव, मात्र हलका करायच्या भानगडीत पडू नये. डुकराची चरबी आणि व्हिनेगर हेच त्याचं सार आहे. तो खायचा तेव्हा तसाच, थोडा खावा.

भरताना एका पावात तीन मोठे चमचे खिमा, त्यावर पातळ चिरलेला कांदा, काकडीच्या दोन चकत्या, पुदिन्याची पानं, लिंबाचे चार थेंब. कांदा आधी गार पाण्यात पाच मिनिटं ठेवून निथळून घेतला तर उग्र लागत नाही. माणशी दोन पाव धरले की मटण, मसूर आणि पाव मिळून सुमारे तीस ग्रॅम प्रथिनं होतात. सोबत वाटीभर गाजर-मुळ्याची कोशिंबीर ठेवली की तिसऱ्या पावाकडे हात जात नाही. ज्यांना युरिक ॲसिडचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी मटण किती खावं हे डॉक्टरांनाच विचारावं. तेल कमी केल्याने तो प्रश्न सुटत नाही.

परदेशात करणाऱ्यांसाठी

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये बोकडाऐवजी मेंढीचा खिमा समोर येतो आणि बरेच जण तोच ‘मटण खिमा’ समजून घेतात. त्यात आणि आपल्या मटणात फार फरक आहे. अमेरिकेत साध्या ग्राउंड लॅममध्ये १०० ग्रॅमला वीस ग्रॅमच्या वर चरबी असते. हलाल दुकानात बोकडाचं मटण मिळतं, तिथे मांडीचा खिमा करून मागा. ते जमत नसेल तर ९३ टक्के लीन (म्हणजे चरबी सातच टक्के) लिहिलेला टर्कीचा खिमा घ्या आणि वर चिकनला सांगितलेल्या वेळा पाळा. लीनचा आकडा नसलेल्या टर्कीच्या खिम्यात कातडीही असू शकते. तिथल्या मुलांना स्लॉपी जो ओळखीचा असतो, बनमध्ये भरलेला टोमॅटोतला खिमा. त्यात तेलाइतकाच केचप आणि ब्राउन शुगरमधल्या साखरेचा भार असतो. मुलांना तीच गोडसर चव हवी असेल तर या खिम्यात टोमॅटो दोनाचे चार करा, एक गाजर किसून कांद्यासोबत परता आणि मिरच्या कमी करा, केचपची गरज पडत नाही.

उरला तर

शिजलेला खिमा दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. उथळ डब्यात ठेवला तर लवकर गार होतो. दुसऱ्या दिवशी डबा उघडल्यावर वर पांढरी, घट्ट चरबी थिजलेली दिसली तर गरम करण्याआधीच चमच्याने खरवडून घ्या. मटणाची चरबी गारव्याला पटकन थिजते, त्यामुळे ती काढायला याहून सोपी वेळ नाही. मुरलेला असल्याने चव पहिल्या दिवसापेक्षा चढती असते. दोन पावांपुरता उरला असेल तर गरम करून त्यात दोन अंडी फोडा आणि हलवत रहा, झाला खिमा घोटाळा. वेगळं तेल लागत नाही. फक्त गरम करताना तो पूर्ण वाफाळू द्या, आणि पुन्हा उरला तर तिसऱ्यांदा गरम करू नका.

आणि चहा. खिमा पावासोबत इराणी चहा ही सवय मोडणं कठीण, पण चहातल्या टॅनिनमुळे मसुरातलं लोह शोषलं जायला अडथळा येतो. घरात कुणाचं हिमोग्लोबिन कमी असेल तर त्यांचा कप तासाभराने द्या.